स्टिअरिंगमधले तीन इंच

मराठी पानासाठी काहीतरी लिही, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, "सर, सुटीत एक गाडी दुरुस्त केली, त्यावर लिहू का?" सरांचा पहिला प्रश्न, "चालवलीस का?" नाही चालवली. मी पंधरा वर्षांचा आहे आणि लायसन्सला अजून तीन वर्षं आहेत. पण दिवाळीच्या सुटीतले अकरा दिवस मी त्या गाडीच्या खाली, बाजूला आणि बॉनेटमध्ये होतो. नखांतलं काळं ऑइल सुटी संपून पहिल्या इन्स्पेक्शनपर्यंत गेलं नव्हतं, आणि त्याबद्दल मिळालेली एक्स्ट्रा ड्रिलही मी केली आहे. म्हणजे लिहायचा हक्क मिळालाय असं मी धरतो.

माझे बाबा सध्या दिल्लीला पोस्टिंगवर आहेत आणि आम्ही नोएडात राहतो. आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त कर्नल राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे, मूळचे साताऱ्याकडचे. मी त्यांना कर्नल आजोबा म्हणतो. त्यांच्याकडे १९४८ सालची एमजी टीसी आहे. लांब नाक, उभी जाळी, सायकलसारख्या तारांची उंच चाकं, दोनच माणसं बसतील एवढी जागा आणि कापडी टप. आजोबांनी ती १९८१ मध्ये पुण्याच्या कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली आणि प्रत्येक पोस्टिंगला बरोबर नेली नाही तरी विकली मात्र कधीच नाही.

एमजी म्हणजे मॉरिस गॅराजेस. आज गुरुग्राम-नोएडाच्या रस्त्यांवर एमजीच्या हेक्टर रोज दिसतात, त्याच नावाची ही पणजी. दुसरं महायुद्ध संपताच १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात टीसी बनायला लागली आणि १९४९ पर्यंत सुमारे दहा हजार गाड्या बाहेर पडल्या. इंजिन १२५० सीसी, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकएवढंच. सगळ्या टीसी उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या होत्या. अमेरिकेत गेलेल्याही तशाच गेल्या, आणि तिथल्या लोकांनी त्या तशाच हौसेने चालवल्या. इंग्लंडचे प्रिन्स फिलिप लग्नाआधी एक काळी टीसी चालवायचे.

या गाडीची आणखी एक गोष्ट जगभर माहीत आहे. तिचं स्टिअरिंग ढिलं होतं.

सप्टेंबरमध्ये काय झालं

दिल्ली आणि आसपासच्या भागात पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली गेली होती हे तिथे राहणाऱ्यांना माहीत आहे. व्हिंटेज गाड्यांसाठी मात्र केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला ती काढता येत नाही, पण प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं यासाठी चालते. आजोबा ती पेट्रोल भरायलाच घेऊन निघाले होते. शेजारी आजी बसल्या होत्या. सर्व्हिस रोडवर एका खड्ड्यावरून गाडी गेली आणि नाक डावीकडे वळलं. आजोबांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, पण पहिले तीन इंच काहीच झालं नाही. मग एकदम झालं आणि गाडी उजवीकडे गेली. तिथून एक दूधवाला मोटारसायकलवरून येत होता, दोन्ही बाजूंना कॅन. त्याने पाय टेकवून कशीबशी गाडी सावरली. कोणाला लागलं नाही. एक कॅन सांडला, त्याचे पैसे आजोबांनी दिले.

त्या दिवसापासून आजी गाडीत बसल्या नाहीत. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं की गाडी आता तावडूच्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमला देऊन टाका, तिथे ती छान राहील. म्युझियम खरंच छान आहे, आम्ही एकदा बघायला गेलो होतो. पण आजोबांना फेब्रुवारीत दिल्लीच्या स्टेट्समन रॅलीत उतरायचं होतं. ही रॅली १९६४ पासून होते आणि आजोबा तिच्यात सात वेळा गेलेले आहेत. शेवटी आजी म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत स्टिअरिंग नीट झालं तर फॉर्म भरा. नाही झालं तर मुलाचं ऐका." दिवाळीच्या चार दिवस आधी मी घरी पोचलो.

ढिलं म्हणजे किती ढिलं

गाडी उभी, पुढची चाकं सरळ. स्टिअरिंग एका बोटाने हळूच डावीकडे फिरवायचं. दुसऱ्या माणसाने पुढच्या टायरवर हात ठेवायचा आणि टायर हलायला लागला की "बस" म्हणायचं. स्टिअरिंगच्या रिंगवर तिथे खूण करायची. मग तसंच उजवीकडे. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे प्ले. आम्ही रिंगला पांढरी चिकटपट्टी लावली आणि डॅशबोर्डला एक तार बांधली, घड्याळाच्या काट्यासारखी. प्ले निघाला बरोबर तीन इंच. ही रिंग साधारण ४० सेंटिमीटर व्यासाची आहे, म्हणजे चालकाचे हात जवळजवळ २२ अंश फिरतात आणि गाडीला त्याचा पत्ताच नसतो.

थोडा प्ले असतोच आणि असावाही. पण टीसीमध्ये तीन इंच जास्त धोक्याचे आहेत, कारण हिचं स्टिअरिंग फार झटपट आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन फेऱ्याही पूर्ण होत नाहीत. त्यामुळे रिंगवरचा थोडासा फरकही चाकांवर बराच मोठा होतो. गणित असं: गाडीचं नाक नुसतं दोन अंश भरकटलं तर ३० मीटर पुढे गेल्यावर ती एक मीटर बाजूला असते. ताशी ६० किलोमीटरला ३० मीटर जायला दोन सेकंदही लागत नाहीत. फायरिंग रेंजवर साइट जराशी चुकली की गोळी टार्गेटच्या बाहेर जाते हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. इथे फरक इतकाच की टार्गेटच्या जागी दूधवाला होता.

पहले देखो

मला वाटलं होतं स्टिअरिंग बॉक्स उघडायचा, घट्ट करायचा, झालं. सुदैवाने सुभेदारसाहेब होते. ते ईएमईमधून निवृत्त झालेले, रेवाडीकडचे. नोकरीत त्यांनी हजारो गाड्या पाहिल्या आणि आता आजोबांच्या स्नेहापोटी येतात. मी पान्हा हातात घेतला तेव्हा ते म्हणाले, "पहले देखो. खोलना तो सबको आता है।" आणि पूर्ण एक दिवस त्यांनी मला काहीही खोलू दिलं नाही.

पाहायचं काय हे समजायला साखळी समजली पाहिजे. तुमच्या हातातली रिंग एका दांड्यावर बसते, त्याला कॉलम म्हणतात. कॉलम खाली स्टिअरिंग बॉक्समध्ये शिरतो. बॉक्स फिरण्याचं रूपांतर झुलण्यात करतो. बॉक्समधून बाहेर आलेला ड्रॉप आर्म घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे होतो, त्याला जोडलेली ड्रॅग लिंक एका चाकाचा हात ओढते-ढकलते आणि टाय रॉड तीच हालचाल दुसऱ्या चाकाला देतो. चाक स्वतः किंगपिन नावाच्या उभ्या खिळीभोवती वळतं. प्रत्येक जोडावर थोडी जागा असते. एकेका जागी केसाएवढी, पण सगळ्या मिळून तीन इंच. परेडमध्ये 'दाहिने मुड' झालं की पहिला कॅडेट वेळेवर वळतो, दुसरा किंचित उशिरा, आणि शेवटच्या फाइलपर्यंत जाईतो अर्धं पाऊल चुकलेलं असतं. चूक कोणा एकाची नसते, आणि उस्तादांना सगळ्यांकडे बघावं लागतं.

म्हणून जमिनीपासून सुरुवात. आधी टायरमधली हवा. हवा कमी असेल तरी गाडी डुलते आणि लोक स्टिअरिंगला दोष देतात. मग पुढची बाजू जॅकवर उचलली आणि लगेच खाली लोखंडी स्टँड लावले, ज्याला इथले मेकॅनिक घोडी म्हणतात. मागच्या चाकांना विटा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, हा नियम सुभेदारसाहेबांनी तीनदा सांगितला आणि चौथ्यांदा माझ्या कॉलरला धरून सांगितला.

चाक वर आणि खाली धरायचं, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आणि हलवायचं. डावं चाक कटकट हललं. आता हा ढिलेपणा चाकाच्या बेअरिंगचा की किंगपिनचा? यासाठी एक साधी युक्ती आहे, ती मला फार आवडली. एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने चाक पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबला की ड्रम आणि त्यामागची प्लेट एक होतात, मग बेअरिंगचा ढिलेपणा दिसत नाही. हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, चालूच राहिलं तर किंगपिनचा. आमचं जवळजवळ थांबलं, अगदी थोडं राहिलं. म्हणजे बेअरिंग ढिलं होतं आणि किंगपिनचे बुशही थोडे झिजले होते. बेअरिंगचं काम त्याच संध्याकाळी झालं. किंगपिनबद्दल पुढे सांगतो.

मग गाडी खाली घेतली. वजन चाकांवर असताना आजोबा आत बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावीकडे-उजवीकडे करत राहिले आणि मी खालून प्रत्येक जोडावर बोटं ठेवून बघत गेलो. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं. जोडाच्या एका बाजूचा भाग हलतो आणि दुसऱ्या बाजूचा किंचित उशिरा हलतो, तो उशीर बोटाला टोचतो. चार ठिकाणी टोचला.

पहिलं ठिकाण माझ्या डोक्यातही आलं नसतं: खुद्द रिंग. टीसीची रिंग चालकाच्या सोयीप्रमाणे पुढे-मागे सरकवता येते. ती दात्यांच्या दांड्यावर बसते आणि क्लॅम्पने आवळलेली असते. क्लॅम्प ढिला होता. आवळला आणि पुन्हा मोजलं. पाव इंच कमी झाला. पाना फिरवायला एक मिनिटही लागलं नाही.

दुसरं ठिकाण, बॉक्स चासीला जिथे बसवलेला असतो ते ब्रॅकेट. आजोबा स्टिअरिंग फिरवत तसा अख्खा बॉक्सच किंचित वळत होता. ताकद चाकाला जाण्याऐवजी बॉक्सला हलवण्यात जात होती. बोल्ट काढले, एकाची भोकं लांबट झाली होती. नवे बोल्ट, नवे वॉशर. आणखी अर्धा इंच गेला. तिसरं, ड्रॅग लिंकच्या टोकाचा गोळा. तो एका वाटीत बसतो, मागे स्प्रिंग आणि त्यामागे आट्यांचं झाकण. झाकणाची स्प्लिट पिन काढायची, झाकण घट्ट होईपर्यंत आत फिरवायचं, मग पिनचं भोक जुळेल इतपत मागे घ्यायचं. जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरायची नाही. दोन रुपयांची वस्तू आहे, पण ती तुटली तर झाकण फिरत फिरत बाहेर येतं आणि स्टिअरिंग हातात राहून चाकं मोकळी होतात. इथे पुन्हा अर्धा इंच.

तीन इंचांतले सव्वा इंच गेले होते आणि आम्ही अजून बॉक्सला हातही लावला नव्हता. मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण आपल्या घरच्या साध्या गाडीचं स्टिअरिंग ढिलं वाटलं तरी बघायचा क्रम हाच. नवीन गाड्यांत बॉक्सऐवजी रॅक अँड पिनियन असतं, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं छोटं दातेरी चक्र. जोड कमी, म्हणून ढिलेपणा कमी. एमजीनेही पुढच्या मॉडेलला, टीडीला, तेच बसवलं. आपली जुनी ॲम्बेसेडरसुद्धा रॅकचीच होती.

बिशप कॅम

चौथं ठिकाण बॉक्स. टीसीच्या बॉक्सला बिशप कॅम म्हणतात. कॉलमच्या खालच्या टोकाला एक जाड नळकांडं असतं आणि त्यावर स्क्रूसारखी फिरत जाणारी खोल खाच कोरलेली असते. हा कॅम. त्या खाचेत एक खुंटी बसते, तिला पेग म्हणतात. पेग टोकाकडे निमुळता असतो. कॉलम फिरला की खाच फिरते, पेग खाचेतून पुढे सरकतो आणि ज्या आडव्या शाफ्टच्या हाताला तो बसवला आहे तो शाफ्ट फिरतो. त्या शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला ड्रॉप आर्म. एवढंच. जुन्या जीपच्या रॉस बॉक्समध्येही हेच तत्त्व आहे, फक्त तिथे एकाऐवजी दोन पेग असतात. भार दोघांत वाटला जातो, म्हणून जीपचा बॉक्स जास्त सोसतो. टीसीमध्ये सगळं काम एकटा पेग करतो आणि तोही खाचेच्या भिंतीवर घासत सरकतो.

पेग निमुळता असल्यामुळे तो जितका खोल ढकलाल तितका खाचेत घट्ट बसतो. किती खोल जावा हे बॉक्सचं वरचं झाकण ठरवतं. झाकणाखाली कागदासारखे पातळ धातूचे पत्रे असतात, त्यांना शिम म्हणतात. एक शिम काढला की झाकण तेवढं खाली येतं, शाफ्ट खाली दाबला जातो आणि पेग खोल जातो.

हे समजल्यावर मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. सुभेदारसाहेब भाऊबीजेला गावी गेले होते. मी आजोबांना म्हटलं, मी शिम काढून बघतो. झाकण काढलं. आत ऑइल असायला हवं होतं, तिथे कोणीतरी कधीतरी ग्रीस भरून ठेवलं होतं. बॉक्समधून ऑइल गळतं म्हणून लोक असं करतात. पण पेग ग्रीसला बाजूला सारतो आणि ग्रीस परत येत नाही, जिथे हवं तिथेच कोरडं राहतं. ते पुसलं. पाच थाउचे दोन शिम काढले (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), झाकण आवळलं आणि मोजलं.

पाव इंच! पावणेदोनवरून पाव इंच. मी आजींना बोलावून दाखवलं. आजोबांनी गाडी अंगणातून बाहेर काढली, सरळ गल्लीत नेली, आणि गाडी रेषेवर चालल्यासारखी गेली. गल्लीच्या टोकाला वळायचं होतं. त्यांनी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि ते तिथेच अडकलं. वळण संपलं तरी चाकं सरळ होईनात. आजोबांनी दोन्ही हातांनी जोर लावून ते सोडवलं तोपर्यंत गाडी समोरच्या घराच्या कुंड्यांपासून हातभर अंतरावर थांबली होती. वेग माणसाच्या चालण्याएवढा होता म्हणून. आजी गेटात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या. मला त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुभेदारसाहेब आले. मी त्यांना काय केलं ते सांगितलं, कुंड्यांसकट. ते रागावले नाहीत. त्यांनी ड्रॅग लिंक सोडवली, म्हणजे बॉक्सला आता चाकांचं ओझं नव्हतं, आणि मला रिंग दोन बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगितली. मधे हलकी. दोन्ही बाजूंना जड, टोकाला अडकलेली. का ते तुम्हीच विचार करा, असं मी लिहिणार होतो, पण सांगतोच. गाडी आयुष्यातला बहुतेक काळ सरळ जाते. म्हणजे पेग खाचेच्या मधल्या भागातच घासतो आणि तिथली खाच रुंद होते. टोकांची खाच मात्र जवळजवळ नवीच राहते. मी पेग एवढा खोल ढकलला की रुंद झालेल्या मधल्या भागात तो छान बसला, आणि मग अरुंद टोकांत तो मावेना.

सुभेदारसाहेब म्हणाले, ढिलं स्टिअरिंग रोज तक्रार करतं, अडकणारं एकदाच करतं. मी वहीत लिहून घेतलं.

मायापुरी

शिम परत घातले आणि बॉक्स पूर्ण काढला. शाफ्ट बाहेर आल्यावर दोष उघड दिसला. पेग गोल असायला हवा, पण तो दोन बाजूंनी चपटा झाला होता. आणि शाफ्ट ज्या बुशमध्ये फिरतो तो बुश इतका झिजला होता की शाफ्ट आत डुलत होता. म्हणजे नुसता पेग खोल ढकलून काहीच साधणार नव्हतं, तो वाकड्या शाफ्टवर वाकडाच बसला असता.

नवा पेग आजोबांच्या कपाटात होता. त्यांच्या एका मित्राने अडीच वर्षांपूर्वी इंग्लंडहून आणलेलं पाकीट न फोडता ठेवलेलं. (इंग्लंड-अमेरिकेत या गाड्यांचे सुटे भाग अजून बनतात.) मी विचारलं, मग आधीच का नाही बसवला? आजोबा म्हणाले, "गाडी चालत होती ना." मुलगा फोनवर का चिडतो ते मला त्या क्षणी समजलं.

बुश मात्र नव्हता. तो बनवून घ्यायला मी आणि सुभेदारसाहेब मायापुरीला गेलो. मेट्रोने राजौरी गार्डन आणि तिथून पिंक लाइनवर एक स्टेशन. माझ्या सॅकमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेला शाफ्ट, ड्रॉप आर्म काढलेला. स्टेशनवर एक्स-रे मशीनमध्ये तो काय दिसला असेल देव जाणे, सीआयएसएफच्या जवानाने सॅक उघडायला लावली, शाफ्ट हातात घेऊन उलटसुलट केला. सुभेदारसाहेबांनी आपलं माजी सैनिकाचं ओळखपत्र दाखवलं आणि त्याला बिशप कॅम समजावून सांगायला सुरुवात केली. मागे रांग वाढली तेव्हा त्याने हसून आम्हाला सोडलं.

मायापुरी म्हणजे जुन्या गाड्यांचा बाजार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनं, गिअरबॉक्स, दरवाजे, आणि मधे लेथवाल्यांची दुकानं. तिथल्या एका म्हाताऱ्या लेथवाल्याने जुना पेग प्रेसवर काढला, नवा बसवला आणि गनमेटलचा बुश खरादला. शाफ्ट मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजला, आणि भोक एकदम न करता थोडं थोडं करत, शाफ्ट घालून बघत केलं. शेवटी शाफ्ट स्वतःच्या वजनाने हळूहळू बुशमध्ये उतरला, धपकन नाही. त्याने आमच्याकडे बघितलं. तो क्षण मला अजून दिसतो.

पाऊण इंच

बॉक्स जोडताना या वेळी योग्य क्रमाने गेलो. ड्रॅग लिंक सुटी. सगळे शिम घालून सुरुवात, मग एकेक काढत प्रत्येक वेळी टोक ते टोक दोन बोटांनी फिरवून बघायचं. कुठेही जड लागलं की एक शिम परत. कॅमची मधली झीज तर राहिलीच होती, कारण नवा कॅम आमच्याकडे नव्हता. म्हणजे टोकं मोकळी ठेवायची तर मधे थोडा प्ले सोडावाच लागणार. आत ग्रीस नाही, घट्ट गिअर ऑइल. थोडं गळेल, महिन्याला बघून भरायचं.

शेवटचं माप पाऊण इंच आलं. तीनचा पाऊण. माझ्या पाव इंचापेक्षा तिप्पट वाईट आणि कितीतरी चांगलं.

एक काम राहिलं, पुढच्या चाकांची रेषा. टायरांवर खडूने मध्यरेषा आखली आणि दोन टायरांमधलं अंतर आधी पुढून, मग मागून मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटरने कमी असावं लागतं, त्यामुळे चालताना टाय रॉडचे जोड एका बाजूला ताणलेले राहतात आणि चाकं फडफडत नाहीत. आमची चाकं उलट बाहेर फाकलेली होती. टाय रॉड फिरवून ती सरळ केली. वळणानंतर चाकं आपोआप सरळ होतात ते मात्र किंगपिन मागे कललेला असतो म्हणून. सीएसडी कॅन्टीनच्या ट्रॉलीची पुढची चाकं पाहा, ढकललं की ती खिळीच्या मागे जाऊन आपोआप सरळ होतात. तेच.

एवढ्यात दिल्लीचं धुरकं वाढलं आणि निर्बंधांचा तिसरा टप्पा लागला. त्यात बीएस-३ पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणता येत नाहीत, आणि आजोबांच्या गाडीच्या जन्मावेळी तर बीएस हा प्रकारच नव्हता. तीन दिवस आम्ही नुसते गाडीकडे बघत बसलो. आजोबांनी तेवढ्यात पितळेला पॉलिश केलं. माझ्या परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशी निर्बंध उठले.

सकाळी साडेसहाला, रस्ते रिकामे असताना, आजोबा आणि सुभेदारसाहेब गाडी घेऊन गेले. मी सायकलवर मागे. आधी रिकाम्या पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितली, तीनतीनदा. मग सर्व्हिस रोड. सप्टेंबरमधला तो खड्डा अजून तिथेच होता. गाडी त्यावरून गेली, नाक जरा हललं, आणि सरळ झालं. मागून मला रिंग दिसत नव्हती, पण आजोबांचे खांदे दिसत होते. ते हलले नाहीत.

घरी आल्यावर आजी बाहेर आल्या. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. रिंगवरच्या चिकटपट्टीकडे बघितलं, स्वतः एका बोटाने रिंग डावीकडे आणि उजवीकडे केली, आणि मला टायरवर हात ठेवायला सांगितला. "बस," मी म्हटलं. दोनदा. मग त्या आत गेल्या आणि शाल घेऊन आल्या.

फॉर्म भरला आहे. किंगपिनचे बुश उन्हाळ्याच्या सुटीत बदलायचे आहेत, तोपर्यंत ताशी चाळीसच्या वर जायचं नाही असं आजींनी ठरवून दिलं आहे. गाडीचा स्पीडोमीटर मैलांत आहे, आणि आजोबा म्हणतात की त्यांनी चाळीस म्हटलं होतं, किलोमीटर म्हटलं नव्हतं.